मांडी घालून बसते, पण उठवत नाही

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की साठीनंतर नुसतं चालून भागत नाही, वजन उचलायलाही शिकायला हवं. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं या पानात शक्यच नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं दुखणं आलंय अशी सात निवडली. नाव छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय त्यामुळे फक्त गाव आणि वय देते. मी गोव्यात फोंड्याला बावीस वर्षं फिजिओथेरपी करते, रोज हीच माणसं समोर असतात, त्यामुळे जे लिहिते ते अगदी मनापासून लिहिते.

कवळ्याहून एक निवृत्त शिक्षिका, वय 64: ताई, मी रोज पहाटे साडेपाचला उठून देवळापर्यंत जाऊन येते, चारेक किलोमीटर होतात, पाऊस असला तरी छत्री घेऊन जाते. शुगर बरी, वजन बरं. पण परवा शेजारी भजनाला गेले, चटईवर मांडी घालून बसले आणि आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा मी एकटीच खाली. दोन्ही हात टेकले तरी उठवेना, शेवटी सुनेने काखेत हात घालून उठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं चालून मग काय उपयोग झाला?

उत्तर: बाई, आधी हे सांगते की चालणं सोडू नका, तुमची शुगर बरी आहे त्यात त्या पहाटेच्या चालण्याचा मोठा वाटा आहे. पण चालताना गुडघा किती वाकतो बघा, जेमतेम. तुमचं वजन हाडांवर तोललेलं असतं आणि मांडीला थोडासाच जोर लागतो. जमिनीवरून उठताना मात्र गुडघा पूर्ण मुडपलेला, खुबा मुडपलेला आणि तिथून अख्खं अंग वर उचलायचं. हे काम तुम्ही गेली कित्येक वर्षं मांडीला दिलेलंच नाही. आपल्याकडे आता जेवण टेबलावर, संडास कमोडचा, भाजी चिरायची ओट्यावर, नारळ किसायला मिक्सर. आदोळीवर बसून खोबरं काढणारी आपली आजी दिवसातून किती वेळा खाली बसायची आणि उठायची ते आठवा, तिला कुणी व्यायाम सांगितला नव्हता.

तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग आणखी वाढतो, आणि ताकद तर स्नायूपेक्षा भरभर जाते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या अर्विन रोझेनबर्ग यांनी याला सार्कोपेनिया असं नाव दिलं, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. वजनकाट्यावर हे कळत नाही कारण स्नायू जातो त्या जागी चरबी येते आणि काटा तिथेच राहतो, म्हणून तुमचं "वजन बरं" मला फारसं समाधान देत नाही. दुसरी गोष्ट, स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात, एक सावकाश दीर्घकाळ काम करणारे आणि दुसरे झटक्यात जोर लावणारे. वयानुसार हे दुसरे आधी बारीक होतात. पाय घसरला की सावरायला लागतात ते हेच, आणि सपाट रस्त्यावर चालून त्यांना काम मिळत नाही, त्यांना जड काहीतरी लागतं.

आता आजच एक करा. हात नसलेली साधी घट्ट खुर्ची भिंतीला लावून ठेवा, दोन्ही हात छातीवर आडवे, आणि 30 सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा, मोबाईल सुनेच्या हातात द्या. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी झालं तर ते सरासरीच्या खाली, पुरुषाला 14. 65 ते 69 मध्ये बाईला 11 आणि पुरुषाला 12, 70 ते 74 मध्ये 10 आणि 12. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर आकडा शून्य, आणि शून्य आला तरी घाबरू नका, सुरुवात तिथून होते.

व्यायाम म्हणाल तर तोच, खुर्चीतून उठणं बसणं. बसताना धपकन नाही, मनात तीन मोजत सावकाश खाली या, कारण खाली येतानाही स्नायूला काम पडतं. आठ ते बारा वेळा करा, दोन मिनिटं थांबा, परत करा, असं दोन-तीनदा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. बारा वेळा सहज व्हायला लागलं की, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, तर इथे थांबायचं नाही, बाजाराच्या कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ घालून छातीशी धरायचे. ते सोपं झालं की तीन किलो, चार किलो. नाहीतर बसायची जागा खाली आणायची, खुर्चीच्या जागी स्टूल, मग पाट. शेवटच्या दोन वेळा "आता अजून दोनच जमतील, त्यापुढे नाही" असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर वजन हलकं आहे. सगळ्यात जास्त चूक मला हीच दिसते, लोक वर्षभर अर्ध्या किलोचे डंबेल हलवत बसतात आणि म्हणतात फरक पडत नाही.

याच्या जोडीला तीन गोष्टी, ओट्याला हात टेकून अंग पुढे नेऊन ढकलणं, अंगणाच्या पायरीवर एकेक पाय देऊन चढणं उतरणं, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. एवढं पुरे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात मांडी जाड झालेली दिसणार नाही पण उठणं सोपं होईल, कारण आधी मेंदू आणि नसा शिकतात, स्नायू मागून येतो. मांडी दुसऱ्या दिवशी दुखली तर चालेल, दोन दिवसांत जाते. गुडघा सुजला किंवा सांध्यात टोचायला लागलं तर मात्र कमी करा आणि कुणाला तरी दाखवा.

आणि लाज कसली बाई, त्या चटईवरच्या निम्म्या बायकांना तेच होत असणार, त्या भिंतीजवळ बसलेल्या असतील एवढंच.

म्हापशाहून, वय 59: डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली तर कंबरेचा टी-स्कोअर उणे 2.6 आला. गोळ्या चालू आहेत. शेजारणी म्हणतात पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको, मुलगी म्हणते जिमला जा. जिममध्ये गेल्यावर दंड पुरुषांसारखे होतील का हीपण भीती आहे.

उत्तर: दंडाचं आधी संपवते. तसे दंड व्हायला पुरुषी हार्मोन लागतात आणि वर्षानुवर्षं त्याच एका कामाला वाहून घ्यावं लागतं, पाळी गेलेल्या बाईला आठवड्यातून दोन दिवसांत ते होत नाही, ही भीती काढून टाका.

हाडाचं जरा नीट ऐका. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, ऑस्टिओपोरोसिस. हाड हा जिवंत भाग आहे, त्याच्यावर भार पडला की ते घट्ट होतं आणि भार काढून घेतला की विरळ होतं, म्हणजे बादली उचलू नको हा सल्ला प्रेमाचा असला तरी उलटा आहे. ऑस्ट्रेलियात 101 बायकांवर अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला, सगळ्या पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ असलेल्या. त्यातल्या अर्ध्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास चांगलं जड वजन उचललं, आणि कंबरेच्या मणक्याची घनता साधारण 3 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी घरी हलके व्यायाम केले त्यांची एक टक्क्याच्या आसपास उतरली. पण हे वाचून उद्या जिममध्ये जाऊन बार उचलू नका. त्या बायकांच्या बाजूला प्रत्येक वेळी शिकवणारं माणूस उभं होतं आणि वजन हळूहळू वाढवलं होतं. तुम्ही आधी मणक्याचा एक्सरे काढून घ्या, दबलेला मणका नाही ना ते बघा, कारण कित्येकदा तो दुखतही नाही. मग फिजिओकडून खुब्यातून वाकणं शिका, म्हणजे पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे न्यायचं आणि वजन अंगाला चिकटून ठेवायचं. बादली उचलायचीच, पण अशी. पाठीची कमान करून पायाचे अंगठे धरायचे प्रकार आणि पोटाच्या उठाबशा तुम्हाला नकोत. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, व्यायाम गोळ्यांच्या जोडीला आहे.

सावईवेऱ्याहून, वय 61: आमचं कुळागर आहे. नारळ गोळा करणं, सुपारीची पोती, पाट साफ करणं हे मी रोज करतो. जिमला जाणारी माणसं मला दमवून दाखवावीत. मला वेगळा व्यायाम कशाला?

उत्तर: भाऊ, तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हाताची पकड बघून बरं वाटतं. तुम्हाला जास्त सांगायची गरज नाही. फक्त एवढं तपासा की पोतं नेहमी एकाच खांद्यावर जातं का, आणि आता पाच वर्षांपूर्वी उचलायचात तेवढं उचलता की जड पोतं मजुरावर आणि मुलावर गेलंय आणि तुम्ही नुसतं दाखवताय. बहुतेकांचं तसंच होतं, कळतही नाही कधी झालं ते. कुळागराच्या कामात कंबर सतत पुढे वाकलेली राहते, डोक्यावर काही ढकलायचं काम नाही आणि एका पायावर तोल धरायचं काम नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, डोक्यावर वजन नेणं, पालथं झोपून छाती उचलणं, आणि खांबाजवळ उभं राहून एका पायावर अर्धा मिनिट. शेवटचं जमलं तर मला कळवा, कारण मला वाटतं पहिल्या दिवशी जमणार नाही.

पेडण्याहून, वय 67: लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. पकडीवरून आयुष्य कळतं असं ऐकलं, मग स्पंजचा बॉल दाबत बसू का?

उत्तर: ऐकलंत त्यात तथ्य आहे. 2015 मध्ये 17 देशांतल्या, त्यात आपला देशही आला, जवळजवळ 1 लाख 40 हजार माणसांची पकड मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं, पकड दर 5 किलोने कमी तशी मृत्यूची शक्यता 16 टक्क्यांनी जास्त निघाली. पण काकी, पकड हा निरोप आहे, सगळ्या अंगाची ताकद किती उरली ते ती सांगते. बॉल दाबून फक्त बोटं सुधारतील. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन अंगणात ताठ चालत फेऱ्या मारा, त्यात पकड, खांदे, पाठ, पाय सगळं येतं. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील किंवा सुजत असतील तर मात्र डॉक्टरकडे जा, ते वेगळं प्रकरण असू शकतं.

साखळीहून, वय 70, वजन 62 किलो: आम्ही गोंयकार, दोन वेळा शीत आणि हुमण (भात आणि माशाची आमटी), म्हणजे प्रोटीन भरपूर असं मी समजतो. सोमवार आणि गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. मुलगा पावडरचा डबा आणून देतो म्हणतो.

उत्तर: काका, तुमच्या ताटाचा हिशेब करूया. आपल्याकडे रोजचं प्रोटीन दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम धरतात, पण साठीनंतर तेवढ्याच स्नायूला जास्त लागतं म्हणून वयस्कांसाठी 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. तुम्हाला 62 ते 75 ग्रॅम. आता 100 ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम मिळतं, पण काटा डोकं सोडून ताटात येतं ते एक छोटी फोड आणि बाकी हुमण, आणि हुमण म्हणजे खोबरं, त्यात प्रोटीन अगदी थोडं. उकड्या तांदळाच्या शितात थोडं. सकाळी चहा पाव, त्यात अगदीच कमी. मग शिवराकीच्या दिवशी तर भात, डाळीचं वरचं पाणी, भाजी, लोणचं. माझा अंदाज तुमचं पस्तीस चाळीसच्या पुढे जात नसेल.

पावडर काही विष नाही, पण आधी ताट सुधारा. सकाळी पावाबरोबर दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, किंवा मुगाचं तोंडाक (उसळ) वाटीभर, सात-आठ ग्रॅम. शिवराकीला आळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक घट्ट करा, रस्सा कमी आणि आळसांदे जास्त, जोडीला दही, दुपारी थोडं पनीर किंवा मूठभर भाजलेले चणे. रात्री दूध. मासे खाताय त्या दिवशी फोड दोन घ्या, भात अर्धा करा, तुमच्या घरी यावरून कुरकुर होईल पण होऊ दे. आणि एकाच वेळी सगळं नको, तिन्ही जेवणांत वाटून हवं. किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका, हे मी कळकळीने सांगते.

आणि पोटात प्रोटीन गेलं तरी स्नायूला काम दिलं नाही तर त्याचा स्नायू होत नाही. बॉस्टनला 1994 मध्ये सत्तरीपुढच्या, सरासरी 87 वर्षांच्या 100 माणसांवर हे बघितलं होतं, ज्यांना नुसतं पोषक पेय दिलं त्यांची ताकद वाढली नाही, ज्यांना वजनाचा व्यायाम दिला त्यांची दुपटीहून जास्त झाली.

कुडचड्याहून, वय 66: दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, बीपीच्या दोन गोळ्या. वजन उचललं तर बीपी चढेल आणि काहीतरी होईल असं बायको म्हणते.

उत्तर: वहिनींचं म्हणणं निम्मं खरं आहे. वजन उचलताना श्वास कोंडून धरला तर बीपी त्या क्षणी खरंच खूप चढतं. म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे कोंडलाच जात नाही. पण नियमित केलं तर काही महिन्यांनी बसल्या जागचं बीपी थोडं खाली येतं. आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, स्ट्रेस टेस्ट करायची का ते तेच सांगतील. त्यांनी हो म्हटलं की हलक्यापासून, आधी बसल्या बसल्या आणि भिंतीला टेकून. ज्या दिवशी बीपी 180 वर 110 च्या पुढे असेल त्या दिवशी हात लावायचा नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि "बघू थोड्या वेळाने" म्हणत बसायचं नाही. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या.

दुबईहून एक मुलगा: आई सांग्याला एकटी असते, 83 वर्षांची. दिवसभर एक बाई असते. आई आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकते, दोनदा पडता पडता वाचली. या वयात ताकद वाढते का, की आता फक्त जपायचं?

उत्तर: बाबा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे माझ्या घरात झालंय.

पाच वर्षांपूर्वी जुलैत माझी आई, तेव्हा 76 ची, सकाळी तुळशीला पाणी घालायला गेली आणि चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली. हाड एकही मोडलं नाही. पण तिला उठता आलं नाही. पाऊणएक तास ती पावसात तिथेच पडून होती, हाका मारून घसा बसला, शेवटी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंपू ऐकू आला तेव्हा तिने पितळेचा तांब्या पायरीवर आपटला, तो आवाज ऐकून तो आत आला. मग आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी सांगितलं तीन आठवडे सक्त आराम, आणि मी स्वतः या धंद्यातली असून भीतीपोटी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी ती न्हाणीपर्यंत जाऊ शकत नव्हती. पडण्याने केलं नाही ते नुकसान त्या खाटेने केलं. 2007 मधला एक अभ्यास आहे, सरासरी 67 वर्षांची धडधाकट माणसं फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवली तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं होतं. मला तो माहीत होता. ते अजून सलतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, वाढते. 1990 मध्ये बॉस्टनमध्येच मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी वृद्धाश्रमातली 86 ते 96 वर्षांची दहा दुबळी माणसं घेतली आणि आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी चांगलं जड वजन उचलून घेतलं. एकाने मधेच सोडलं, बाकीच्यांची मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. पण चार आठवडे बंद ठेवल्यावर त्यातली बरीच परत गेली, तेव्हा चतुर्थी आली, पाहुणे आले म्हणून महिनाभर सुट्टी असं करू नका.

आधी आईला कुणा फिजिओला घरी बोलावून दाखव. गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखव, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी पुष्कळ जण पडतात. अंगणातलं शेवाळ पावसाच्या आधी खरवडून घे. खुर्चीवर दोन उशा घालून जागा उंच कर म्हणजे तिला हात न टेकता उठता येईल, पंधरा दिवसांनी एक उशी काढ, मग दुसरी. ती बाई समोर उभी राहू दे, पण ओढून उठवू दे नको, हे तिला नीट समजावून सांग, कारण माया म्हणून सगळे ओढतातच.

आणि जमिनीवरून उठायला शिकव. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर येऊन हात टेकायचे, मग रांगतात तसं चार पायांवर, तसंच रांगत घट्ट खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जो पाय जोराचा तो पुढे घेऊन पंजा पूर्ण टेकवायचा, हातांवर आणि त्या पायावर जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. गुडघ्यांखाली घोंगडी. चक्कर येते का ते विचारत राहायचं. फिजिओ असताना दोन-तीनदा झालं की मग बाई घरी असताना आठवड्यातून एकदा. माझ्या आईला पहिल्यांदा सव्वातीन मिनिटं लागली होती, आता 81 व्या वर्षी अर्ध्या मिनिटात उठते आणि चार किलो तांदूळ छातीशी धरून खुर्चीतून दहा वेळा उठते, तांदूळ सांडेल म्हणून पिशवीला गाठ स्वतः मारते.

तू दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतोस असं लिहिलंयस. त्यातला अर्धा मिनिट याला दे, तू तिकडून घड्याळ लाव, ती इकडून उठू बसू दे, मोठ्याने मोजू दे, आणि जो आकडा येईल तो त्या दिवसाच्या चौकोनात कालनिर्णयवर लिहायला सांग. पहिला आकडा 3 आला तरी लिहा.